गोमुख, व्हाया गिरगाव

'गंगाजळी' हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचलात? पेपरच्या बिझनेसच्या पानावर, बरोबर? रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी इतक्या कोटींनी वाढली, तितक्या कोटींनी घटली वगैरे वगैरे. मीही तो तिथेच वाचत आले होते. त्याचा खरा अर्थ हाताला लागला तो २०२५ च्या मार्चमध्ये. तोही शब्दशः.

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली होती. दोन खोल्यांत चार पिढ्यांचा पसारा. तो बांधून परळच्या एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवायचा होता. देवघर आवरायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात मागे, शंख आणि सहाणेच्याही मागे, तांब्याचा एक छोटा गडू होता. तोंड झाळून पक्कं बंद केलेला. माझ्या पणजीने १९५८ साली काशीहून आणलेलं गंगेचं पाणी. हीच ती मूळ गंगाजळी! घरातलं कुणी शेवटच्या घटका मोजायला लागलं की हे भांडं फोडायचं आणि तुळशीपत्रावरून दोन थेंब तोंडात घालायचे. तोवर हात लावायचा नाही. राखीव पैशाला गंगाजळी का म्हणतात ते कळलं ना?

मी गडू उचलला. हलका लागला. हलवून बघितला. आवाज नाही. कानाशी नेऊन पुन्हा हलवला. काही नाही.

झाळलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पाणी कधी उडून गेलं कोण जाणे. सदुसष्ट वर्षांपैकी किती वर्षं आम्ही रिकाम्या भांड्याला हळदकुंकू वाहत होतो, याचा हिशेब लावायला मार्ग नाही.

आजीला सांगायचं कसं? पण तिच्यापासून या घरात कधी काही लपलेलं नाही. तिने गडू हातात घेतला, एकदा हलवला आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजोबांच्या वेळेला फोडला असता, तरी कदाचित उपयोग नव्हता." १९७२ साली आजोबा हॉस्पिटलात अचानक गेले, तेव्हा हा गडू इथे देवघरातच राहिला होता. ती बोच तिने त्रेपन्न वर्षं जपली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गं. भा. म्हणजे कोण?

आता एक कबुली. आमच्या घरात लग्नाची पत्रिका आली की मी आधी आजीचं नाव शोधायचे. बाकीच्या सगळ्या 'सौ.' आणि आजी 'गं. भा.'. लहानपणी मला ती डिग्री वाटायची! बी. ए., बी. कॉम., गं. भा. शाळेत एका मैत्रिणीने सांगितलं तेव्हा समजलं की ते 'गंगा भागीरथी', म्हणजे नवरा गेलेल्या बाईच्या नावामागे लावायची उपाधी. गंगेसारखी पवित्र वगैरे. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी विधवांसाठी हाच शब्द अधिकृतपणे वापरावा असं सुचवलं होतं आणि त्यावर चांगलाच गदारोळ झाला होता, आठवतंय? त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मात्र विधवा प्रथाच बंद करण्याचा ठराव केला होता.

आजीला मी अनेकदा म्हटलं, "काढायला सांग ना ते." तिचं उत्तर ठरलेलं. "असू दे गं. कार्ड कोण वाचतं?"

गंमत बघा. तेहेतिसाव्या वर्षापासून जिच्या नावामागे एक सोडून दोन नद्यांची नावं लागली, तिने त्यातली एकही पाहिलेली नव्हती. पदरात तीन मुलं, शिलाई मशीन आणि भाड्याची खोली. उत्तरेत जाणार कधी?

तिची गंगा होती वाळकेश्वरला.

पहिला स्टॉप : बाणगंगा

तुम्ही साऊथ मुंबईत काम करत असाल आणि अजून बाणगंगा पाहिली नसेल, तर हिमालयाचं तिकीट नंतर काढा, आधी इथे जा. गिरगाव चौपाटीवरून टॅक्सीने पंधरा मिनिटं. मलबार हिलच्या टोलेजंग बिल्डिंगांच्या पायथ्याशी, दगडी पायऱ्या उतरत गेलेला एक चौकोनी तलाव, कडेला दीपमाळा, पाण्यात बदकं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरीही झऱ्याचं पाणी गोडं!

कथा अशी की सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला इथे तहान लागली, तेव्हा लक्ष्मणाने जमिनीत बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली. रामाने वाळूचं लिंग केलं, म्हणून वाळकेश्वर. इथलं मंदिर १७१५ साली रामा कामत यांनी पुन्हा बांधून घेतलं. तलावाच्या आसपास मठ आहेत, त्यातल्या एकाचं नावच काशी मठ. त्रिपुरी पौर्णिमेला पायऱ्या दिव्यांनी उजळतात आणि काशीच्या धर्तीवर आरतीही होते.

आजी दर सर्वपित्री अमावास्येला इथे यायची. "ज्यांना तिकडे जमत नाही, त्यांच्यासाठी ती इकडे आली," हे तिचं लॉजिक. आणि खरं सांगायचं तर सगळ्या महाराष्ट्राचंच हे लॉजिक आहे. गोदावरी आपली दक्षिणगंगा. कोल्हापूरला पंचगंगा, विदर्भात वैनगंगा आणि पैनगंगा, रायगडात पाताळगंगा. दीड हजार किलोमीटरवरच्या नदीचं नाव आपण घरोघरच्या पाण्याला देऊन ठेवलंय. मुंबईकराच्या नळाला तानसा, वैतरणा नि भातसाचं पाणी येतं, पण बालदी डोक्यावर ओतताना तोंडातून 'हर हर गंगे'च निघतं!

परळला शिफ्ट झाल्यावर मी जाहीर केलं, मी नवं पाणी आणते. कुरिअरने मागवते असं नाही, जाऊन आणते. आजीने दोन अटी घातल्या. एक, झाळून आणायचं नाही. "मला दिसलं पाहिजे आत काय आहे ते." आणि दोन, "नुसतं पाणी आणू नकोस. ती कशी आहे ते नीट बघून ये."

आधी थोडा भूगोल

ट्रेकचे फोटो टाकणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. गोमुखातून जी निघते ती 'गंगा' नव्हे, भागीरथी. बद्रीनाथच्या पलीकडून येते ती अलकनंदा. विष्णुप्रयाग, नंदप्रयाग, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग अशी एकेका नदीला पोटात घेत ती खाली येते. पाण्याच्या हिशेबात अलकनंदाच मोठी, पण कथेतला मान भागीरथीला. देवप्रयागला दोघी भेटतात आणि तिथून पुढे नाव लागतं गंगा. मग उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगाल असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा प्रवास. एक फाटा हुगळी होऊन गंगासागरला समुद्रात जातो आणि मुख्य धारा बांगलादेशात पद्मा होते.

म्हणजे आमच्या आजीच्या नावामागे जे 'गंगा भागीरथी' होतं, ती एकाच नदीची दोन वयं होती. माहेरची भागीरथी, सासरची गंगा.

वरची गंगा

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी निघाले. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वार, तिथून ऋषीकेश आणि मग जीपने उत्तरकाशीमार्गे गंगोत्री. ऋषीकेशपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा हिशेब इथे विसरा. घाटात एक दरड आली की दिवस गेला. उत्तरकाशीत मुक्काम करा, शरीरालाही बरं पडतं.

हर्सिलला पोचलात की पहिल्यांदा खोरं रुंद होतं. देवदार, सफरचंदाच्या बागा आणि मधून वाळूच्या पात्रात ऐसपैस पसरलेली भागीरथी. हर्सिलच्या थोडं पुढे धराली. तिथे मी चहा प्यायले. रस्त्याच्या कडेला हॉटेलं, होमस्टे, गरमागरम राजमा-चावल. नदीच्या पलीकडे मुखबा गाव. दिवाळीत गंगोत्रीचं मंदिर बंद झालं की गंगेची मूर्ती पालखीतून इथे येते आणि हिवाळाभर मुखब्यातच राहते. थोडक्यात, देवीचंही माहेर!

गंगोत्रीचं मंदिर तीन हजार मीटरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी ते बांधलं. बहुतेक यात्रेकरू इथूनच परत फिरतात. गोमुखाला जायचं तर पुढे अठरा किलोमीटरची पायपीट. वनखात्याचं परमिट लागतं आणि दिवसाला फक्त दीडशे जणांना सोडतात. प्लास्टिकची मोजदाद होते, आणलेला कचरा परत न्यावा लागतो. मुंबईकर म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं.

नऊ किलोमीटरवर चीडबासा, चौदावर भोजबासा. नावांतच पत्ता आहे : आधी चीडाची झाडं, मग भूर्जाची, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जायच्या. भोजबासाच्या पुढे झाडंच संपतात. मुक्काम भोजबासाला. संध्याकाळी भागीरथी शिखरांवर ऊन आलं तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले. माझं डोकं मात्र ठणकत होतं. चार हजार मीटरच्या जवळपास असं होतं. भरपूर पाणी प्या, हळू चाला, मोठेपणा करू नका.

सकाळी गोमुख. माझ्या डोक्यात कॅलेंडरवरचं चित्र होतं : पांढराशुभ्र बर्फ, त्यातून पांढरीशुभ्र धार. प्रत्यक्षात समोर होती मळकट बर्फाची, दगडधोंड्यांनी भरलेली एक प्रचंड भिंत, आणि तिच्या बुडातून उसळत बाहेर येणारं राखाडी पाणी. सिमेंट कालवल्यासारखं. बर्फाची नदी डोंगर घासत पुढे सरकते, त्या घर्षणात खडकाचं पीठ होतं, तेच या पाण्यात असतं. आवाज तर असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. भिंतीच्या अगदी जवळ जाऊ नका. कडे कधी सुटतील सांगता येत नाही.

आणि ही भिंत मागे सरकतेय. गंगोत्री हिमनदी साधारण तीस किलोमीटर लांब आहे, पण १९३५ पासून तिचं टोक एक किलोमीटरहून अधिक मागे गेलंय. पणजीने १९५८ साली काशीला गडू भरला, तेव्हा गोमुख जिथे होतं, तिथे आता मोकळे दगड आहेत. म्हणजे आमचा गडू रिकामा होत होता, तेव्हा इथेही काहीतरी संपत चाललं होतं.

मी काचेची बाटली भरली. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. आजोबांच्या नावाने दोन थेंब परत धारेत सोडले. ते आजीने सांगितलं नव्हतं.

उतरताना

परतीच्या वाटेवर टिहरीचा जलाशय तासभर सोबत करतो. २६० मीटर उंचीचं हे धरण देशातलं सगळ्यात उंच. २००६ पासून इथे वीज तयार होतेय, आणि जुनं टिहरी शहर अख्खं या पाण्याखाली आहे. ड्रायव्हर एका वळणावर बोट दाखवून म्हणाला, माझी शाळा त्या तिथे खाली आहे. चाळ सोडून तीन महिने झालेल्या मुलीला यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

देवप्रयागला नक्की उतरा. पन्नासेक पायऱ्यांवरूनही संगम स्पष्ट दिसतो. टिहरीत गाळ खाली बसल्यामुळे भागीरथी हिरवट, अलकनंदा मातकट. काही अंतर दोघी एकाच पात्रात वेगवेगळ्या वाहतात, मग कुठे मिसळल्या ते कळतच नाही. पुढे ऋषीकेशला राफ्टिंग आणि कॅफेंची गर्दी, हरिद्वारला हर की पौडीची आरती. एक ट्रिव्हिया : हर की पौडीवर आपण ज्या पाण्यात बुडी मारतो, ते १८५४ साली सुरू झालेल्या कालव्याकडे वळवलेलं पाणी. मुख्य पात्र बाजूला राहतं.

काशीत मराठी

शेवटचा टप्पा वाराणसी, पणजीच्या वाटेने. इथे मराठी माणसाला घाटाघाटावर ओळखीची नावं भेटतात. दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांनी बांधून काढला, मणिकर्णिकेचं काम अहिल्याबाई होळकरांनी केलं. विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनीच १७८० साली उभं केलं. शिंदे घाट, भोसले घाट आहेतच. झाशीची राणीही इथलीच, माहेरची मनकर्णिका तांबे. अहिल्याबाईंना वैधव्य आलं ते तिशीच्या आत. पुढे त्यांनी जवळजवळ तीन दशकं राज्य केलं आणि देशभर घाट बांधले. घाटावरच्या पाटीवर त्यांच्या नावामागे 'गं. भा.' नाही. मी बघितलं.

आणि आठवले ते आपल्या पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत अडकलेला हा गरीब भिक्षुक, चार पैसे कमवायला गेला नि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहून आला. पैसे लुटले गेले, पण गंगेची कावड मात्र खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना गंगेचं स्नान घातलं. 'माझा प्रवास' वाचला नसेल तर महानगरी एक्स्प्रेसमध्ये वाचा. वाराणसी ते सीएसएमटी, एक दिवसाहून जास्त वेळ हाताशी असतो. मी बाटली उशाशी घेऊन तेच केलं.

बाटली

आजी खिडकीशी बसली होती. मी बाटली समोर ठेवली. प्रवासात गाळ खाली बसला होता, बोटभर जाडीचा, राखाडी, आत अभ्रकाचे बारीक कण चमकणारा. तिने बाटली उचलून हलवली. आता आवाज आला. सगळं पाणी पुन्हा ढवळून राखाडी झालं.

"ही पांढरी नाहीच की," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. धरालीचा चहासुद्धा. ५ ऑगस्टला दुपारी मोबाइलवर तो व्हिडिओ आला तेव्हा आम्ही दोघी सोबतच होतो. खीरगाडच्या ओढ्यातून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने काही सेकंदांत धराली गिळलं. पलीकडच्या मुखब्यातून लोक ओरडत, शिट्ट्या मारत होते. ज्या बाजूला मी चहा प्यायले होते, ती बाजू उरलीच नव्हती. आजीने व्हिडिओ एकदाच बघितला आणि बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली. "दगड घेऊनच येते ती," एवढंच म्हणाली.

नोव्हेंबरमध्ये माझ्या आत्तेभावाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. 'गं. भा.' होतंच. मी नेहमीसारखी चिडले, पण या वेळी काही बोलायच्या आधी आजीने चष्मा मागितला. नाव वाचलं.

"त्याला फोन लाव," म्हणाली. "म्हणावं, आजीचं नुसतं नाव टाक. ती दोन नावं ज्यांची आहेत त्यांनाच शोभतात."

पत्रिका तशीच छापली गेली. बाटली देवघरात आहे. झाकण फिरकीचं आहे, झाळलेलं नाही. रोज सकाळी आजी ती एकदा हलवून बघते.

जायचंय? हे वाचा

कधी : गंगोत्रीचं मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीच्या सुमारास बंद होतं. मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्ट टाळाच, दरडी आणि पुरांचे हे महिने.

कसं : मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. नाहीतर राजधानीने दिल्ली आणि पुढे रस्त्याने. निघण्याआधी उत्तरकाशी-गंगोत्री रस्त्याची ताजी स्थिती विचारा, धरालीनंतर हे फारच गरजेचं आहे.

कागदपत्रं : चारधाम यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. गोमुखासाठी वनखात्याचं परमिट वेगळं. फोटो आयडी सोबत हवाच.

किती दिवस : गोमुखापर्यंत जाऊन यायला मुंबईहून किमान नऊ-दहा. काशी जोडायची तर आणखी तीन.

काय न्याल : गरम कपडे, रेनकोट, चांगले बूट आणि काचेची एक छोटी रिकामी बाटली.

वेळच नाही? : रविवारी सकाळी सात वाजता बाणगंगेला जा. आजीला सोबत न्या. पायऱ्या उतरता आल्या नाहीत, तरी वरूनही पाणी दिसतं.